१९२३ ची जर्मन शहर-नोट: ओळख, वाचन, नोंद आणि जपणूक

पुण्या-मुंबईच्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात एका तरी टेबलावर शून्यांनी भरलेल्या जुन्या जर्मन नोटा मांडलेल्या असतात. घेणारा हौसेने घेतो, घरी येऊन अल्बमात घालतो आणि खाली चिठ्ठी लावतो: 'जर्मनी, १९२३, एक बिलियन मार्क'. एवढ्या एका ओळीत बहुतेक वेळा दोन चुका असतात. नोट मध्यवर्ती बँकेची की एखाद्या शहराची, हे कुठेच लिहिलेले नसते. आणि 'बिलियन' म्हणजे किती, याचा हिशेब हजारपटीने चुकलेला असतो. पुढे कुणीतरी ती नोट 'टिकावी म्हणून' लॅमिनेट करून आणतो आणि उरलेली चांगली गोष्टही हातची जाते.

हा लेख फक्त शहरांनी काढलेल्या नोटांबद्दल आहे. १९२३ मध्ये महागाई इतकी भडकली की राइशबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या नोटा पगारापुरत्याही पोचेनात, तेव्हा नगरपालिकांनी स्वतःचे कागदी पैसे छापले. या चलनाला नोटगेल्ट म्हणतात. ते वाचण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी नोट कुणी काढली, मग तारीख, आणि त्यानंतर आकडा. बहुतेक जण उलटे जातात. आकडा मोठा आणि ठसठशीत असतो, म्हणून नजर आधी तिथेच जाते.

टप्पा १: टेबल आणि साधने

नोट हातात घेण्याआधी टेबल पुसून कोरडे करा. त्यावर पांढरा, रेघा नसलेला कागद अंथरा. चहा, पाणी, शाईचे पेन दूर ठेवा. पंखा बंद करा, कारण हा कागद हलका असतो आणि उडून कोपरा दुमडला की ती घडी कायमची.

जवळ असू द्या: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, मऊ शिसपेन्सिल, नोंदवही, फोन आणि नोटा तपासायचा अतिनील दिवा. हा दिवा किराणा दुकानदाराच्या गल्ल्याजवळ असतो तोच. त्याचा छोटा टॉर्चही चालतो.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तिकिटे धरायचा चपट्या टोकांचा चिमटा असेल तर उत्तम, पण टोकदार चिमटा नको.

सावधान: नोट अल्बमाच्या पाकिटाला चिकटली असेल तर ओढू नका. मागे टपाल तिकिटांसाठी वापरतात तशी डिंकाची पट्टी असेल तर तीही सोडवू नका. जुना लाकडी लगद्याचा कागद डिंकाबरोबर सोलून निघतो. आहे तशी वाचा, आहे तशी ठेवा.

टप्पा २: आधी फोटो, मग तपासणी

दोन्ही बाजूंचे सरळ वरून फोटो काढा, फ्लॅश न वापरता. तिसरा फोटो नोट खिडकीच्या उजेडासमोर धरून काढा, म्हणजे जलचिन्ह दिसेल. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो हवा. घाईत छापलेल्या बऱ्याच शहर-नोटा एकाच बाजूला छापल्या आहेत, आणि त्या कोऱ्या बाजूवरच शिक्का किंवा पेन्सिलीची खूण सापडते. यापुढचे वाचन फोटो मोठा करून करा. नोट जितकी कमी हाताळाल तितकी बरी.

टप्पा ३: नोट कुणी काढली ते शोधा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ द्या.

पहिली अडचण लिपीची. पुष्कळ नोटांवर जुने टोकदार जर्मन वळण, म्हणजे फ्राक्टुर, वापरलेले असते. त्यात शब्दाच्या मधला 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. फक्त त्याची आडवी रेघ उजवीकडे जात नाही. मोठ्या लिपीतले 'बी' आणि 'व्ही', तसेच 'एन' आणि 'आर' एकमेकांत मिसळतात. फोनवरचे भाषांतराचे अ‍ॅप या वळणापुढे सहसा अडखळते. म्हणून अख्खी नोट अ‍ॅपला दाखवण्यापेक्षा नेहमी येणारे मोजके शब्द ओळखायला शिका.

श्टाट म्हणजे शहर. गेमाइंडे म्हणजे गाव किंवा ग्रामपंचायत. क्राइस म्हणजे जिल्हा किंवा तालुक्याएवढा विभाग. मागिस्ट्राट म्हणजे शहराचा कारभार पाहणारे मंडळ. ब्युर्गरमायस्टर म्हणजे नगराध्यक्ष, आणि मोठ्या शहरात तोच ऑबरब्युर्गरमायस्टर होतो. श्टाटहाउप्टकासे ही शहराची मुख्य तिजोरी, तर श्पारकासे ही बचत बँक. गुटशाइन म्हणजे 'एवढी रक्कम देऊ' असे देयपत्र.

'श्टाट' वाचताना स्पेलिंग नीट पाहा. शेवटी 'डी-टी' असेल तर शहर. मध्ये 'ए' दोनदा असेल तर तो शब्द राज्यसंस्थेसाठी आहे.

आता खरी तपासणी. नोटेवर शहराचे नाव आहे म्हणून ती शहराचीच असते असे नाही. पुढचे प्रकार वेगळे काढा.

राइशबँकनोट हा शब्द आणि खाली बर्लिन असेल तर ती मध्यवर्ती बँकेची नोट. ती नोटगेल्ट नव्हे.

राइशबान किंवा राइशबानडिरेक्त्सिओन असेल तर ती रेल्वेची. पुढे कार्ल्सरुहे, ड्रेस्डेन असे शहराचे नाव येते, पण ते रेल्वेच्या विभागीय कचेरीचे ठिकाण असते. ही नोट 'कार्ल्सरुहे शहराची' म्हणून विकली जाते आणि घेणारा फसतो.

हांडेल्सकामर म्हणजे व्यापारी मंडळ. कारखान्यांनीही स्वतःच्या नोटा काढल्या; लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्याच्या नोटा हे ठळक उदाहरण.

थुरिंगिया राज्याच्या नोटा 'वायमार शहराच्या' म्हणून मांडलेल्या दिसतात. बाउहाउस या कलाशाळेतले हेर्बर्ट बायर यांनी १९२३ मध्ये रचलेल्या, जाड साध्या अक्षरांच्या या नोटा देखण्या आहेत, पण त्या राज्याच्या बँकेच्या आहेत. शहराच्या पानावर त्यांना जागा नाही.

दुसरी अडचण एकाच नावाच्या गावांची. फ्रांकफुर्ट दोन आहेत: एक माइन नदीवरचे, दुसरे ओडर नदीवरचे. नॉयश्टाट नावाची गावे तर ठिकठिकाणी आहेत. म्हणून नावामागचे नदीचे किंवा प्रांताचे नाव नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसेच ब्रेस्लाउ आज पोलंडमधले व्रोत्सवाफ आहे आणि श्टेटिन आज श्चेचिन; ऑनलाइन शोधताना जुने जर्मन नाव वापरा. डान्झिग त्या वेळी जर्मनीत नव्हतेच, ते स्वतंत्र शहर-राज्य होते. त्याच्या मार्कातल्या नोटांचे पान वेगळे ठेवा.

तपासा: 'ही नोट अमुक शहराच्या अमुक कार्यालयाने काढली' हे वाक्य नोटेवरच्या शब्दांत बोट ठेवून दाखवता येते का? येत नसेल तर पुढचा टप्पा थांबवा.

टप्पा ४: तारीख

तारीख बहुधा शहराच्या नावामागे येते: 'कोलोन, डेन १५. सेप्टेंबर १९२३' अशा धाटणीची. आधी दिवस, मग महिना, म्हणजे आपल्यासारखीच. ही तारीख साधारणपणे नोट काढण्याच्या निर्णयाची असते. छापून ती लोकांच्या हातात पोचायला पुढे काही दिवस गेले असतील. हे लक्षात ठेवा, कारण मूल्य काढताना हेच दिवस महत्त्वाचे ठरतात.

साल १९२० किंवा १९२१ असेल, रक्कम २५, ५० किंवा ७५ फेनिग (मार्कचा शंभरावा भाग) असेल आणि चित्रे रंगीत, लोककथांची असतील, तर ती महागाईच्या भडक्यातली नोट नाही. त्या मालिका शहरांनी मुख्यतः संग्राहकांना विकण्यासाठी काढल्या. त्यांतल्या अनेक कधी बाजारात फिरल्याच नाहीत. त्यांना कमी लेखायचे कारण नाही, पण 'हायपरइन्फ्लेशनची नोट' म्हणून त्या विकत घेऊ नका. १९२२ च्या शरद ऋतूतल्या शहर-नोटा १००, ५००, १,००० मार्कांच्या असतात. लाख, कोटी आणि त्यापुढचे आकडे १९२३ चे.

ऑस्ट्रियातल्या गावांच्या नोटा हेलर या नाण्यात असतात. त्याही या गठ्ठ्यात घुसवल्या जातात. बाजूला काढा.

टप्पा ५: आकडा

मराठी वाचकाला इथे एक फायदा आहे. आपली अब्ज आणि लाख कोटी ही मापे जर्मन मापांशी बरोबर जुळतात. घोटाळा होतो तो इंग्रजीतून मोजल्यामुळे.

मिलियोन म्हणजे १० लाख, एकावर सहा शून्ये.
मिलियार्डे म्हणजे १ अब्ज किंवा १०० कोटी, एकावर नऊ शून्ये.
बिलियोन म्हणजे १ लाख कोटी, एकावर बारा शून्ये.

जर्मन 'बिलियोन' हे इंग्रजी बिलियन नाही, ते इंग्रजी ट्रिलियन आहे. नोटेवर शब्दात बिलियोन असेल आणि तुम्ही वहीत 'बिलियन' लिहिले, तर वाचणारा हजारपट कमी समजेल. म्हणून नोंद करताना इंग्रजी माप टाळा आणि सरळ 'लाख कोटी' लिहा.

मिलियोन आणि मिलियार्डे फ्राक्टुरमध्ये जवळजवळ सारखे दिसतात. जोड 'एल'नंतरची दोन अक्षरे पाहा: 'आय-ओ' असेल तर १० लाख, 'आय-ए' असेल तर १०० कोटी. पुसट छपाईत इथेच फसगत होते.

विरामचिन्हेही उलटी आहेत. जर्मनीत हजारांचे गट पूर्णविरामाने तोडतात आणि दशांश स्वल्पविरामाने दाखवतात. म्हणून '४,२०' म्हणजे चारशे वीस नव्हे, चार पूर्णांक वीस.

हा '४,२०' आकडा दिसला तर थांबा. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२३ च्या सुमारास काही नोटा कागदी मार्कांत नव्हे तर सोन्याच्या मार्कांत काढल्या गेल्या. त्यांवर डॉलरचा उल्लेख असतो, कारण ४.२० सुवर्णमार्क म्हणजे १ डॉलर हे जुने, महायुद्धापूर्वीचे प्रमाण धरले होते. पाव डॉलरची नोट म्हणजे १.०५ सुवर्णमार्क. आकडा लहान म्हणून ही नोट क्षुल्लक समजू नका. तिचे मूल्य कोट्यवधी मार्कांच्या कागदी नोटेपेक्षा कितीतरी जास्त होते.

वरून छापलेला आकडा: कधी जुन्या नोटेवर लाल किंवा काळ्या शाईत नवी, मोठी रक्कम छापलेली असते. अशा वेळी मूळ रक्कम, मूळ तारीख, नवी रक्कम, नवी तारीख या चारही नोंदी करा.

तपासा: शून्ये मोजून आलेला आकडा आणि शब्दात लिहिलेला आकडा एकच आहे का? नसेल तर तुम्ही एकतर शब्द चुकीचा वाचला आहे किंवा वरची छपाई नजरेतून सुटली आहे.

टप्पा ६: त्या दिवशी ही नोट किती किमतीची होती

तारीख आधी वाचायला सांगितली ती यासाठी. एका डॉलरला सरासरी किती मार्क पडत होते, ते पाहा:

जानेवारी १९२३: १७,९७२
जुलै: ३,५३,४१२
ऑगस्ट: ४६,२०,४५५
सप्टेंबर: ९,८८,६०,०००
ऑक्टोबर: सुमारे २,५२६ कोटी
२० नोव्हेंबर: ४.२ लाख कोटी (हा सरासरी नव्हे, त्या दिवसाचा भाव)

नोटेची रक्कम भागिले त्या महिन्याचा भाव, एवढेच करायचे. समजा १० लाख मार्कांची, ऑगस्टची नोट आहे. ऑगस्टच्या भावाने ती सुमारे २२ सेंटची. तीच नोट सप्टेंबरच्या भावाने जेमतेम १ सेंटची. आणि १ अब्ज मार्कांची नोट सप्टेंबरच्या भावाने सुमारे १० डॉलरची, ऑक्टोबरच्या भावाने ४ सेंटची. पगार हातात पडताच लोक दुकानाकडे का धावत होते, हे या दोन भागाकारांतून जितके कळते तितके कुठल्याही वर्णनातून कळत नाही.

सावधान: महिन्याची सरासरीही फसवी आहे. ऑक्टोबरच्या १ तारखेला डॉलर सुमारे २४ कोटी मार्कांचा होता आणि ३१ तारखेला ७,२५० कोटींचा. म्हणून ऑक्टोबरच्या नोटेसाठी 'सरासरीने' असे लिहा, अचूक किमतीचा दावा करू नका.

आजचे रुपये काढायच्या फंदात पडू नका. आणि 'ही नोट जर्मन बँकेत बदलून मिळते' असा निरोप आला तर विश्वास ठेवू नका. १ लाख कोटी कागदी मार्कांना रेंटेनमार्क या नव्या चलनाचा १ मार्क असा हिशेब १९२३ च्या अखेरीस झाला आणि शहरांनी आपापल्या नोटा मुदतीत परत घेतल्या. १९४८ नंतरच्या डॉइच मार्कच्या नोटा आजही युरोत बदलून मिळतात, त्यावरून ही गल्लत होते.

टप्पा ७: अट, सही, शिक्के

लहान अक्षरांतला मजकूर वाचा. 'गिल्टिश बिस' म्हणजे 'पर्यंत वैध'. 'आउफरुफ' म्हणजे नोटा परत करण्याची जाहीर सूचना, जी स्थानिक वर्तमानपत्रांत येई. या ओळींत नोट कुठल्या तिजोरीवर वटते तेही सापडते, आणि टप्पा ३ मधली शंका कधी कधी इथेच मिटते.

सह्या जवळजवळ नेहमी छापील असतात. कोलोनच्या नोटांवर महापौर कोनराड आडेनाउअर यांची सही दिसते. पुढे १९४९ मध्ये तेच पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. त्यामुळे अशी नोट 'स्वाक्षरीची' म्हणून जास्त भावाने दाखवली जाते. भिंगातून पाहा: सही नोटेच्या बाकी मजकुराच्याच शाईत, त्याच छपाईत असेल तर ती छापील आहे.

भोके, तिरका शिक्का, 'एंटवेर्टेट' हा शब्द म्हणजे नोट वटवून रद्द केली आहे. हे नुकसान समजू नका. ती नोट खरोखर फिरून तिजोरीत परत आल्याचा तो पुरावा आहे. मला तर अशी नोट कोऱ्या नोटेहून प्रिय वाटते. 'मुस्टर' असेल तर तो नमुना.

टप्पा ८: कागद आणि छपाई

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा टाका. कागद निळसर-पांढरा चमकला तर तो नंतरचा, कारण १९२३ च्या कागदात ती चमक आणणारी द्रव्ये नसत. पिवळट, मंद दिसला तर ठीक. ज्या कागदावर नोट ठेवली आहे तो आजचा असेल, तो चमकेल. फरक शेजारी-शेजारी दिसेल.

भिंगाखाली रंग बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनलेला दिसला तर आधुनिक प्रिंटरची शंका घ्या. क्रमांक यंत्राने ठोकलेला असेल तर मागून त्याचा उठाव हाताला लागतो. मात्र काही शहर-नोटांना क्रमांकच नाही, आणि जलचिन्हाचा तयार कागद अनेक शहरांनी एकसारखा वापरला. त्यामुळे एका खुणेवरून निकाल देऊ नका.

वरून छापलेल्या रकमेची शाई जुन्या घडीच्या भेगेत उतरलेली दिसली तर ती छपाई घडीनंतरची. अशी नोट न घेतलेली बरी. मागच्या बाजूला ज्यूविरोधी मजकूर छापलेल्या महागाईच्या नोटाही बाजारात फिरतात आणि त्यांत अलीकडे केलेल्या बनावटी बऱ्याच आहेत. त्यांच्यापासून दूर राहा.

टप्पा ९: नोंद

नोंद वहीत करा, नोटेवर काहीही लिहू नका. क्रम असा: शहर (नदी किंवा प्रांतासह), काढणारे कार्यालय, तारीख, रक्कम मूळ शब्दात आणि मराठीत, लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, रंग, एक बाजू की दोन, जलचिन्ह, मालिका व क्रमांक, सह्या, छापखान्याचे नाव, शिक्के किंवा भोके, अवस्था, कुठून घेतली, किंमत. छापखान्याचे नाव खालच्या कडेला अगदी बारीक असते; पुष्कळ जण ते पाहतच नाहीत.

जर्मन विक्रेत्यांच्या याद्यांत 'केलर' आणि पुढे क्रमांक दिसतो. आर्नोल्ड केलर यांच्या सूचीतले ते क्रमांक आहेत. तुमची नोट जुळली तर तोही लिहा. अवस्था रोमन आकड्यांत देतात: एक म्हणजे कोरी, चार म्हणजे खूप वापरलेली.

भाव शून्यांच्या संख्येवर ठरत नाही. मोठ्या शहराची हजारोंनी उरलेली अब्जांची नोट स्वस्त असते, तर एखाद्या छोट्या गावाची दहा लाखांची नोट शोधूनही सापडत नाही.

टप्पा १०: जपणूक

इस्त्री नको, खोडरबर नको, सेलोटेप नको, ओला बोळा नको आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटलेली कड फाटलेलीच राहू द्या.

पाकीट पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. दुकानातल्या स्वस्त अल्बमाचे प्लास्टिक बरेचदा पीव्हीसीचे असते. उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला तर परत ठेवा. कालांतराने ते प्लास्टिक चिकट होते आणि शाई ओढून घेते. डांबरगोळ्या अल्बमाजवळ ठेवू नका.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हा काळ कठीण. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नको. डब्यात सिलिका जेलची पाकिटे ठेवा, रंग बदलला की तापवून वाळवा. पाऊस नसलेल्या कोरड्या दुपारी अल्बम उघडून कोपरे आणि पानांच्या शिवणी पाहा. कसर तिथेच लपते.

बीलेफेल्ड शहराच्या बचत बँकेने रेशमावर आणि तागाच्या कापडावरही नोटा छापल्या. त्यांना कागदाच्या नोटांत दाबून ठेवू नका. त्या सपाट, सैल पाकिटात, आम्लरहित कागदावर, थेट उजेडापासून दूर ठेवाव्यात. रेशमाचा रंग उन्हात लवकर उतरतो.

नवी आलेली कुठलीही नोट लगेच मुख्य अल्बमात घालू नका. महिनाभर वेगळ्या पाकिटात, वेगळ्या डब्यात ठेवा, अधूनमधून भिंगाने कडा तपासा. बुरशीचा ठिपका किंवा कसरीची भुकटी दिसली नाही, तरच तिला तिच्या शहराच्या पानावर जागा द्या.